आपलें संकेतस्थळ लोकांस सांपडावें कसें?

गेल्या वर्षींच्या जून महिन्यांतील गोष्ट आहे. माझ्या परिचयाच्या एका शाळेच्या कचेरींत मी कांहीं कामानिमित्त बसलों होतों. इतक्यांत एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलास बरोबर घेऊन आंत आले. मुलगा सातवी उत्तीर्ण झालेला होता. त्यास आठवीच्या वर्गांत व वसतिगृहांत प्रवेश हवा होता. कारकुनांनीं सौजन्यानें सांगितलें कीं, अर्ज घेण्याची मुदत दोनच दिवसांपूर्वीं संपली व सर्व जागा भरल्या. गृहस्थांनीं विचारलें, "साहेब, ही मुदत आम्हांला कळायची कशी?" कारकून म्हणाले, "आमच्या वेबसाइटवर महिनाभर सूचना लावलेली होती." त्यावर ते गृहस्थ शांतपणें म्हणाले, "मी रोज रात्रीं मोबाइलवर शोधत होतों. बोर्डिंग असलेली शाळा, आमच्या तालुक्याजवळची, असें घालून पाहिलें. दुसऱ्या शाळा दिसल्या. तुमची कांहीं दिसली नाहीं."

दोघेहि खरें बोलत होते. घरीं आल्यावर मीं त्या शाळेचें संकेतस्थळ उघडून पाहिलें. सूचना खरोखरच तेथें होती. तिजवर मुख्याध्यापकांची सही होती, शिक्का होता, तारीख होती. परंतु ज्याच्यासाठीं ती लिहिली, त्याच्यापर्यंत ती पोंचली नाहीं; आणि जें पोंचलें नाहीं, तें लिहिलें काय नि न लिहिलें काय, सारखेंच. हें असें कां घडतें, व तें टाळावयाचें कसें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. आज शाळा, ग्रंथालयें, दवाखाने, बचतगट, लहानमोठीं दुकानें या सर्वांचीं पानें आंतरजालावर असतात. आणि तीं तयार करणारे हात पुष्कळदां शाळा-कॉलेजांतील मुलांमुलींचेच असतात. म्हणून ही माहिती केवळ कारागिरांची आहे असें समजूं नये.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. स्वित्झर्लंड देशांत जिनीव्हा शहराजवळ सर्न नांवाची मोठी संशोधनसंस्था आहे. तेथें काम करणारे टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं एक योजना मांडली. एका पानावरील ठराविक शब्दास स्पर्श केला असतां त्याच्याशीं संबंध असलेलें दुसरें पान उघडावें, मग तें जगांतील कोणत्याहि संगणकावर कां असेना, अशी ती योजना होती. या जोडणीस आपण दुवा म्हणतों. १९९१ सालीं ही व्यवस्था जगास खुली झाली व १९९३ सालीं सर्न संस्थेनें ती कोणासहि विनामूल्य वापरण्याची मुभा दिली. तेव्हांपासून पानांची संख्या भराभर वाढूं लागली. आणि जसजशी ती वाढली, तसतसें हवें तें पान शोधून काढणें कठीण होऊं लागलें.

यावर पहिला उपाय ग्रंथपालाचा होता. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकणाऱ्या जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन तरुणांनीं १९९४ सालीं चांगल्या पानांची विषयवार यादी करण्यास आरंभ केला. तीच यादी पुढें याहू या नांवानें जगप्रसिद्ध झाली. परंतु ती माणसांनीं हातानें केलेली यादी होती. रोज हजारों नवीं पानें निर्माण होत असतां कोणताहि ग्रंथपाल त्यांना पुरा कसा पडणार? म्हणून पानें वाचण्याचें कामच यंत्राकडे सोंपविण्यांत आलें. १९९५ सालच्या डिसेंबरांत सुरू झालेलें आल्टाव्हिस्टा हें अशा यंत्रांपैकीं एक नामांकित यंत्र होय. अशा यंत्रास आपण शोधयंत्र म्हणूं. आज गूगल हें सर्वांत अधिक वापरांत असलेलें शोधयंत्र आहे. बिंग हें दुसरें एक आहे.

शोधयंत्राचीं कामें मुख्यतः तीन: हिंडणें, नोंदणें आणि क्रम लावणें. हीं तीन नीट समजलीं, म्हणजे पुढचें सर्व आपोआप समजतें.

पहिलें काम हिंडण्याचें. शोधयंत्राचे दूत, म्हणजे आपोआप चालणाऱ्या संगणकाच्या आज्ञावली, रात्रंदिवस जालावर फिरत असतात. इंग्रजींत त्यांना क्रॉलर, म्हणजे रांगणारे, असें नांव आहे. ते एका पानावरून दुव्यावर, दुव्यावरून पुढच्या पानावर, असे जात राहतात. यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या पानाकडे कोठूनहि दुवा जात नाहीं, तें पान पायवाट नसलेल्या वाडीसारखें होय. तेथें सहसा कोणी जाऊन पोंचत नाहीं. वर सांगितलेल्या शाळेची सूचना मुख्य पानावर नव्हतीच. "इतर", त्यानंतर "परिपत्रकें", त्यानंतर वर्ष, त्यानंतर महिना, अशा एकामागून एक कप्प्यांत ती पुरलेली होती.

दुसरें काम नोंदण्याचें. आपण प्रश्न विचारला, कीं यंत्र जगभर धांवत सुटतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. जाडजूड ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते, तींत प्रत्येक शब्दापुढें तो कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे तें दिलेलें असतें. शोधयंत्रहि दूतांनीं आणलेल्या पानांची अशीच एक अवाढव्य सूची अगोदरच तयार करून ठेवतें, व आपण प्रश्न विचारल्यावर त्या सूचींतच पाहतें. म्हणूनच निमिषार्धांत उत्तर मिळतें. परंतु म्हणूनच, जें सूचींत चढलें नाहीं तें यंत्राच्या लेखीं जगांतच नाहीं. आणि आज लिहिलेलें पान उद्यांच सांपडेल, असेंहि समजतां येत नाहीं. कधीं तें कांहीं दिवसांत सूचींत येतें, कधीं कांहीं आठवडे लागतात.

तिसरें काम क्रम लावण्याचें; आणि हेंच सर्वांत अवघड. एकाच शब्दाचीं लाखों पानें सूचींत असतील, तर त्यांतील पहिलें कोणतें दाखवावें? आरंभींचीं यंत्रें हा निर्णय मुख्यतः शब्दांवरून करीत. ज्या पानावर विचारलेला शब्द अधिक वेळां आला तें पान वर, असा साधारण हिशेब असे. हें कळतांच लबाड लोकांनीं आपापल्या पानांवर एकच शब्द शंभर-शंभर वेळां लिहावयास सुरुवात केली, व वाचकांच्या पदरीं कचरा पडूं लागला.

येथें स्टॅनफर्डच्याच लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं एक नामी युक्ति काढली. ती आपल्या लोकांस समजण्यास मुळींच कठीण नाहीं. घरांत मुलीचें लग्न ठरवावयाचें असलें, म्हणजे आपण मुलाकडच्या मंडळींनीं स्वतःविषयीं काय सांगितलें, एवढ्यावर विसंबत नाहीं. आपण गांवांत चौकशी करतों. चार लोकांनीं चांगलें म्हटलें, तर बरें वाटतें. आणि त्यांतहि ज्याच्या शब्दास गांवांत मान आहे अशा गृहस्थानें चांगलें म्हटलें, तर त्याचें वजन अधिक पडतें. पेज व ब्रिन यांनीं तेंच केलें. एखादें पान स्वतःविषयीं काय म्हणतें, एवढेंच न पाहतां दुसरीं किती पानें त्याकडे दुवा देतात, आणि त्या दुवा देणाऱ्या पानांची स्वतःची योग्यता केवढी, याचें त्यांनीं गणित मांडलें. विद्वानांच्या निबंधांत एकमेकांच्या ग्रंथांचे उल्लेख असतात, व ज्याचा उल्लेख अनेक जाणते लोक करतात तो ग्रंथ महत्त्वाचा मानला जातो. तीच रीत येथें लागू झाली. या गणितास पेजरँक असें नांव पडलें. १९९६ सालीं विद्यापीठांत सुरू झालेल्या या प्रयोगांतूनच १९९८ सालच्या सप्टेंबरांत गूगल कंपनी स्थापन झाली. आज क्रम लावतांना शेंकडों गोष्टी विचारांत घेतल्या जातात, व त्यांचें नेमकें प्रमाण कंपन्या प्रकट करीत नाहींत. तथापि चौकशीचें मूळ तत्त्व अजून कायम आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. आपलें संकेतस्थळ सांपडावें म्हणून काय करावें?

पहिली गोष्ट, दार उघडें असावें. प्रत्येक संकेतस्थळाच्या दाराशीं दूतांसाठीं एक लहानशी चिठ्ठी ठेवण्याची पद्धत १९९४ सालापासून आहे. तीस रोबॉट्स फाइल म्हणतात. कोणत्या भागांत यावें व कोणत्या भागांत येऊं नये, हें तींत लिहिलेलें असतें. नवें संकेतस्थळ बांधीत असतां कारागीर पुष्कळदां "कोणींहि येऊं नये" असें तींत लिहितात, व काम पुरें झाल्यावर तें पुसावयास विसरतात. मग महिनेच्या महिने मालक कपाळावर हात मारीत बसतो. म्हणून ही चिठ्ठी प्रथम पाहावी. त्याबरोबरच आपल्या सर्व पानांची एक यादी करून ठेवावी. तीस साइटमॅप म्हणतात, व ती गूगल आणि बिंग हीं दोन्हीं यंत्रें वाचतात. महत्त्वाच्या प्रत्येक पानाकडे मुख्य पानावरून सरळ दुवा द्यावा.

दुसरी गोष्ट, शब्द वाचकाचे असावेत. त्या शाळेच्या सूचनेंत "छात्रालय" असा शब्द होता. तो शुद्ध आहे यांत शंका नाहीं; परंतु शेतकरी बाप "बोर्डिंग" असें शोधतो, शहरांतील आई "होस्टेल" असें शोधते, व शिक्षक "वसतिगृह" असें शोधतात. यंत्रांस आतां समानार्थी शब्दांची पुष्कळ जाण आली आहे, पण मराठीच्या बाबतींत तिजवर सर्वस्वीं विसंबूं नये. लिहिण्यापूर्वीं क्षणभर डोळे मिटून विचार करावा कीं, ज्याच्यासाठीं मी लिहितों तो माणूस कोणत्या शब्दांनीं मला हांक मारील? ते शब्द मजकुरांत सहज, वाक्याच्या ओघांत, यावेत.

तिसरी गोष्ट, मथळा. प्रत्येक पानास एक मथळा असतो. शोधाच्या उत्तरांत निळ्या अक्षरांनीं जी ओळ दिसते, ती बहुधा त्यावरूनच घेतलेली असते. त्या शाळेच्या सर्व पानांचा मथळा एकच होता: "मुख्य पान". जगांत "मुख्य पान" असें कोण शोधतो? शाळेचें नांव, गांव, तालुका आणि त्या पानावर काय आहे, हें मथळ्यांत थोडक्यांत आलें पाहिजे. "इयत्ता आठवी व वसतिगृह प्रवेश, अर्जाची शेवटची तारीख" असा मथळा असता, तर निम्में काम तेथेंच झालें असतें. त्याखालीं दोन ओळींचा सारांश लिहून ठेवावा. तो वाचूनच पुष्कळ लोक पान उघडावें कीं नाहीं हें ठरवितात. एकाच पानावर दहा विषय कोंबण्यापेक्षां प्रत्येक विषयास स्वतंत्र पान व स्वतंत्र मथळा द्यावा.

चौथी गोष्ट, मजकूर अक्षरांत असावा, चित्रांत नसावा. त्या शाळेनें काय केलें होतें? कागदावर सूचना छापली, तीवर सही-शिक्का घेतला, मोबाइलनें त्या कागदाचा फोटो काढला, आणि तो फोटो संकेतस्थळावर चढविला. माणसास ती सूचना वाचतां येत होती. यंत्रास मात्र तेथें मुख्यतः एक चित्र दिसत होतें. अलीकडे यंत्रें चित्रांतील अक्षरेंहि कांहीं अंशीं ओळखूं लागलीं आहेत. तथापि वांकडा धरलेला कागद, अंधुक प्रकाश, शिक्क्याखालीं झांकलेले शब्द, यांपुढें त्यांचेंहि चालत नाहीं. म्हणून सूचना टंकून लिहावी. सहीचा कागद हवाच असेल तर खालीं जोडावा. चित्र घातलें, तर त्या चित्रांत काय आहे हें एका वाक्यांत सांगणारी ओळ त्यास जोडावी. अंध व्यक्तींच्या संगणकास ती ओळ मोठ्यानें वाचून दाखवितां येते, व शोधयंत्रासहि तीच उपयोगी पडते.

पांचवी गोष्ट, पान मोबाइलवर नीट व लवकर उघडावें. आपल्याकडील बहुसंख्य लोक जाल पाहतात तें मोबाइलवरच. गूगलनेंहि २०१५ सालापासून मोबाइलवर वाचतां येणाऱ्या पानांस झुकतें माप देण्यास सुरुवात केली. आणि आतां तर पानाचें मोबाइलवरील रूप पाहूनच तें नोंदलें जातें. स्नेहसंमेलनाचे अवजड फोटो मुख्य पानावर भरून ठेवल्यास, ज्याच्या गांवीं संपर्काची रेघ एकच दिसते तो वाचक पान उघडण्यापूर्वींच कंटाळून निघून जातो.

सहावी गोष्ट, लोकांनीं आपणांविषयीं चांगलें बोलावें. ही सर्वांत कठीण, कारण ती आपल्या हातीं नाहीं. ती कमवावी लागते. एखाद्या शाळेनें आपल्या परिसरांतील पक्ष्यांची, विहिरींची अथवा जुन्या शिलालेखांची माहिती विद्यार्थ्यांकडून गोळा करून नीट मांडली, तर दुसरे लोक आपण होऊन तिकडे दुवा देतील. माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत, स्थानिक वर्तमानपत्रें यांच्या पानांवरून आलेले असे दुवे म्हणजे गांवानें दिलेली साक्ष होय. शाळेचें नांव, पत्ता व दूरध्वनि सर्व ठिकाणीं एकसारखे लिहिलेले असावेत. एका जागीं एक व दुसऱ्या जागीं दुसरें, असें झाल्यास माणूसहि गोंधळतो व यंत्रहि.

हें सर्व करून काय फळ मिळालें, तें पाहण्यासाठीं गूगलचें सर्च कन्सोल नांवाचें साधन विनामूल्य मिळतें. आपलीं कोणतीं पानें सूचींत आहेत, लोक कोणते शब्द घालून आपल्याकडे येतात, दूतास कोठें अडथळा आला, हें त्यांत दिसतें. बिंगचेंहि असेंच साधन आहे.

काय करावें हें सांगितलें; आतां काय करूं नये तेंहि सांगणें अवश्य आहे. शब्दांचें निरर्थक पुनरुच्चारण करूं नये. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवून ठेवूं नयेत. यंत्रास एक व माणसास दुसरेंच दाखवूं नये. दुवे विकत घेऊं नयेत. या युक्त्या यंत्रास कळत नाहींत असें ज्यांना वाटतें, त्यांनीं तीन उदाहरणें ध्यानांत ठेवावींत. बीएमडब्ल्यू या विख्यात मोटार कंपनीच्या जर्मन संकेतस्थळानें यंत्रासाठीं वेगळीं फसवीं पानें उभीं केली होतीं. २००६ सालच्या फेब्रुवारींत गूगलनें तें संकेतस्थळ आपल्या सूचींतून कांहीं दिवस काढूनच टाकलें. जे. सी. पेनी ही अमेरिकेंतील मोठी दुकानदार कंपनी कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या शोधांत पहिल्या जागीं दिसत असे. २०११ सालच्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रानें उघडकीस आणलें कीं, तिच्यासाठीं असंबद्ध पानांवर हजारों दुवे पेरलेले होते. त्याबरोबर ती एकाएकीं फार खालीं ढकलली गेली. आणि तिसरें उदाहरण खुद्द गूगलचें. त्याच्या क्रोम या साधनाच्या जाहिरातींत पैसे देऊन लिहविलेले दुवे आढळले, तेव्हां २०१२ सालच्या जानेवारींत गूगलनें आपल्याच त्या पानास निदान साठ दिवस खालीं उतरविलें. ज्या शिक्षकानें स्वतःच्या मुलासहि बांकावर उभें केलें, त्याच्या वर्गांत इतरांनीं काय तें समजावें.

तसेंच "आम्ही तुम्हांस पहिला क्रमांक मिळवून देऊं" असें हमीपूर्वक सांगणाऱ्यांपासून सावध राहावें. अशी हमी कोणासहि देतां येत नाहीं. उत्तरांच्या वर "प्रायोजित" अशा खुणेनें ज्या जाहिराती येतात, त्यांना पैसे पडतात. परंतु त्याखालच्या नैसर्गिक क्रमांत पैसे देऊन जागा घेतां येत नाहीं.

मराठी वाचकांस या विषयांत आणखी एक विशेष कारण आहे, व मला तें सर्वांत महत्त्वाचें वाटतें. संगणकावर मराठी लिहिण्यास आरंभ झाला तेव्हां निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे टंक प्रचारांत आले. पडद्यावर "क" दिसे, पण यंत्राच्या पोटांत तेथें एखादें रोमन अक्षर अथवा भलतेंच चिन्ह सांठविलेलें असे. ज्याच्यापाशीं तो टंक नाहीं, त्यास तो मजकूर म्हणजे अर्थहीन चिन्हांची रांग. आणि शोधयंत्रासहि तसेंच. पुढें युनिकोड नांवाची व्यवस्था आली. जगांतील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास तींत एक कायमचा क्रमांक दिलेला आहे. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीचा समावेश होता, व त्यांत "क" या अक्षराचा क्रमांक २३२५ हा आहे. कोणत्याहि देशांत, कोणत्याहि यंत्रावर, "क" तो "क"च. मराठी विकिपीडिया २००३ सालच्या मे महिन्यांत सुरू झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाई येथें ज्याचें काम चाललें व ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला, तो मराठी विश्वकोशहि आज जालावर शब्द घालून शोधतां येतो. एके काळीं ज्या खंडांसाठीं तालुक्याच्या ग्रंथालयांत जावें लागे, त्यांतील नोंद आज एखाद्या पाड्यावरची मुलगीहि घरीं बसून वाचूं शकते.

परंतु याच्या शेजारींच दुसरें चित्र आहे. कितीएक जुनीं मासिकें, संस्थांचे अहवाल, शाळांचे वार्षिक अंक जुन्या टंकांत अथवा नुसत्या फोटोंच्या रूपांत पडून आहेत. तीं जालावर आहेत, पण सांपडत नाहींत. मराठींत एखाद्या विषयावर शोधलें असतां कांहींच हातीं लागत नाहीं, तेव्हां मुलें समजतात कीं, आपल्या भाषेंत या विषयावर कोणीं लिहिलेंच नाहीं. लिहिलेलें असतें, केवळ सांपडत नसतें. या गैरसमजानें भाषेची जी हानि होते, ती भरून काढणें पुढें फार कठीण जातें. ज्यांना टंकलेखन येतें अशा विद्यार्थ्यांनीं रोज अर्धें पान जरी जुना मजकूर, त्याच्या स्वामित्वाचा विचार करून, युनिकोडांत उतरविला, तरी तें मोठें काम होईल.

अलीकडे एक नवी गोष्ट घडली आहे. २०२४ सालापासून गूगल भारतांतहि पुष्कळ प्रश्नांस सर्वांत वर कृत्रिम बुद्धिमत्तेनें रचलेलें सारांशरूप उत्तर देऊं लागलें आहे. तें वाचूनच कित्येक लोक थांबतात व मूळ पानापर्यंत येत नाहींत. तेव्हां आतां पानें लिहावीं कशाला, असा प्रश्न कोणी करील. परंतु तें उत्तर तरी कोठून येतें? कोणीतरी लिहिलेल्या पानांतूनच. तीं पानें चुकीचीं असलीं, तर सारांशहि चुकेल. आणि आपल्या गांवाविषयीं आपण कांहींच नीट लिहिलें नाहीं, तर आपल्याविषयीं दुसरा कोणी तरी अर्धवट ऐकून लिहील, तेंच जगास सांगितलें जाईल. म्हणून स्पष्ट, खरें व तारीखवार लिहिण्याची गरज कमी न होतां वाढलीच आहे.

जातां जातां विद्यार्थ्यांस एक सूचना. जें पान प्रथम दिसतें तें खरेंच असतें, असें नाहीं. पहिला क्रमांक म्हणजे पुष्कळांची साक्ष मिळाली एवढेंच. आणि पुष्कळ साक्षीदारहि कधीं कधीं चुकतात. कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, कशाच्या आधारें लिहिलें, हें पाहिल्यावांचून तें वहींत उतरूं नये.

आतां त्या शाळेविषयीं सांगून हा लेख पुरा करतों. मुख्याध्यापकांस मीं वरील दोष दाखविले. त्यांनीं ते मनावर घेतले. दहावीच्या दोन विद्यार्थिनींनीं सुटींत बसून सर्व सूचना टंकून काढल्या, प्रत्येक पानास निराळा मथळा दिला, वसतिगृहासाठीं स्वतंत्र पान केलें व त्याचा दुवा मुख्य पानावर आणला. यांत पैसा जवळजवळ खर्च झाला नाहीं. श्रम मात्र पडले. दीडदोन महिन्यांनीं "बोर्डिंग" या शब्दानें शोधलें असतां त्या तालुक्यांतील उत्तरांत शाळेचें नांव दिसूं लागलें. यंदां दूरच्या वाड्यांवरूनहि पालकांचे दूरध्वनि आले, असें कारकुनांनींच मला आनंदानें सांगितलें.

त्या शेतकरी गृहस्थांचा मुलगा मात्र गेल्या वर्षीं दुसऱ्या गांवच्या शाळेंत गेला. तेथून घर फार लांब. तो रोज पहांटे एस. टी. धरतो. सूचना चित्रांत न लावतां अक्षरांत लावली असती, तर तें टळलें असतें. आपण जें लिहितों तें कोणाला तरी हवें असतें, व तो रात्रीं दिव्याखालीं बसून तें शोधीत असतो, एवढें ज्यानें ध्यानांत ठेवलें, त्याचें पान सहसा अंधारांत राहणार नाहीं.